साडेतेरा मीटर लोकर

इनव्हरकारन,
१९ मार्च

प्रिय लाखी,

जिंकलो! आधी हे लिहून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तू निवांत चहा ओतून घेऊन वाचशील. कूपर्स लेनच्या कोपऱ्यावर, आईच्या दाराच्या बरोबर खाली, रॉडीच्या बंद पडलेल्या दारूच्या दुकानाच्या जागेत जे महादुकान येणार होतं, ते येत नाही. काल दुपारी पावणेचार वाजता परवाना मंडळानं सहा विरुद्ध तीन मतांनी अर्ज फेटाळला, आणि मी भर सभागृहात इनिसचा मुका घेतला. इनिस म्हणजे आमच्या आरोग्य खात्यातला आकडेवाला. त्याचा मुका आजवर त्याच्या मांजरानंही घेतला नसावा. आज सकाळी तो ऑफिसात आला तो भिंतीच्या कडेकडेनं.

तुझं नववर्षाचं पत्र येऊन अडीच महिने झाले आणि मी उत्तर दिलं नाही, याबद्दल मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. उत्तर सुचत नव्हतं असं नाही, हातात काही नव्हतं. आता आहे. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तू जाणतोस. आपल्या घरात कुणी सरळ बोललं की आई त्याचा ताप बघते. (आई बरी आहे. कंबर तशीच, जीभ त्याहून तशीच. चार जिने उतरणं मात्र संपलं. बाजारहाट मी करते आणि ती वरून खिडकीतून माझ्या चालण्यातल्या चुका काढते.)

तू मागे एकदा विचारलं होतंस, की दारूच्या परवान्यात तुम्हा आरोग्यवाल्यांचं काय काम? परवाना मंडळालाही गेली आठ वर्षं हाच प्रश्न पडला होता. कायद्यात लिहिलंय की परवाना देताना लोकांच्या आरोग्याचं रक्षण व्हावं. म्हणून प्रत्येक अर्जाची प्रत आमच्याकडे येते आणि आम्ही हरकत घेऊ शकतो. पोलीस गोंगाट मोजतात, आम्ही यकृतं मोजतो. अडचण अशी, की गोंगाट ऐकू येतो. यकृत बिचारं शेवटपर्यंत तोंड उघडत नाही. त्यामुळे सुनावणी दरवेळी एकाच साच्यातली. मी नकाशे घेऊन उभी राहते, वकील उठून विचारतो, 'या अमुक दुकानामुळेच हे झालं, याला पुरावा काय?', मी म्हणते, 'संपूर्ण भागाचं चित्र बघता...', आणि अध्यक्ष डूगल इमरी घड्याळाकडे बघत शॉर्टब्रेड बिस्किटांची बशी पुढे सरकवतात. आठ वर्षांत एकतीस हरकती. त्यातल्या एकीमुळे एका दुकानाची वेळ तासाभरानं कमी झाली, आणि एकीची 'नोंद घेण्यात आली'. त्या नोंदीचा आम्ही ऑफिसात केक कापला होता, यावरून बाकीच्या एकोणतीसांचा अंदाज कर.

तर रॉडीनं सप्टेंबरात दुकान बंद केलं आणि बहिणीकडे राहायला गेला. त्याचा परवाना संपला. डिसेंबरात ग्लासगोच्या एका साखळी कंपनीनं ती जागा आणि शेजारचं चपलांचं दुकान मिळून अर्ज टाकला: रॉडीच्या चौपट जागा, सकाळी दहा ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस. (कंपनीचं नाव लिहीत नाही. तिला वकील पाळायची हौस आहे.) मंडळाच्या नियमानं चार मीटरच्या आतल्या शेजाऱ्यांना पत्रं गेली. चार मीटरच्या आत कोण? एक बंद बँक, एक कबुतरांचा पोटमाळा आणि आई. आईनं ते पत्र उलटं करून त्यावर मसुराच्या सुपाची कृती लिहिली. समोरचं एफी टलकबाईंचं लोकरीचं दुकान गल्लीपलीकडे, म्हणजे सव्वापाच मीटरवर. नियमाच्या मते चार मीटरच्या पुढे दारूचा त्रास पोचत नाही.

फेब्रुवारीतली पहिली सुनावणी. इनिसनं तीन आठवडे खपून नकाशा केला होता: गेल्या दहा-अकरा वर्षांत दारूपायी गावात जिथे जिथे अँब्युलन्स बोलवावी लागली तिथे तिथे लाल वर्तुळ, आणि जितके कॉल तितकं मोठं वर्तुळ. मी तो मोठ्या पडद्यावर लावला. छान दिसत होता, गावाला गोवर आल्यासारखा. कंपनीतर्फे ग्रेगर पिटकेथली उभा राहिला. तुझ्या वर्गातलाच तो, फळा पुसायला स्वतःहून उठणारा. त्यानं चष्मा लावला, पडद्याजवळ गेला आणि सगळ्यांत मोठ्या वर्तुळावर बोट ठेवलं. 'अध्यक्षमहाराज,' तो म्हणाला, 'आरोग्य खात्याच्या शास्त्रोक्त अभ्यासानुसार इनव्हरकारनमधला सर्वांत धोकादायक गुत्ता म्हणजे मिस एफी टलक यांचं लोकरीचं दुकान. यापुढे मी माझ्या पत्नीला तिथे एकटीला पाठवणार नाही.'

लाखी, लोकांनी किती हसावं? लेखनिक बाई टेबलावर डोकं ठेवून हसल्या. इमरी डोळे पुसत म्हणाले, 'बाईसाहेब, माझी बायकोसुद्धा तिथूनच सुया आणते हो. तिला सवय लागायच्या आत नकाशा दुरुस्त करून आणा. पुढच्या महिन्यात बघू.' शुक्रवारच्या पेपरात पहिल्याच पानावर मथळा: 'सावधान, पुढे लोकर आहे!' आईनं तो मला दोनदा वाचून दाखवला, दुसऱ्यांदा चष्मा लावून.

चूक कुठे झाली हे इनिसला कळेना. पत्ता बरोबर, आकडे बरोबर. मला मात्र पडद्याकडे बघतानाच कळलं होतं, आणि मी गप्प बसले होते. अँब्युलन्सच्या नोंदीत पत्ता पडतो तो फोन करणाऱ्यानं सांगितलेला. रॉडीकडून बाटली घेतलेली माणसं रॉडीच्या दारात थोडीच आडवी व्हायची? रॉडी हाकलायचा. ती गल्ली ओलांडून टलकबाईंच्या दुकानाच्या पायरीवर बसायची, कारण ती पायरी रुंद आहे, वर छज्जा आहे आणि पाऊस लागत नाही. आणि दारूच्या थेंबालाही कधी न शिवलेली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई दर वेळी अँब्युलन्सला फोन करायची. एवढं साधं होतं. गावात कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी कुणाला विचारलं नाही, कारण मला विचारायचंच नव्हतं. गेली सहा वर्षं मी त्या दुकानासमोरून जाताना पलीकडच्या कडेनं जाते. सहा वर्षांत मी तिथून साधं बटणसुद्धा विकत घेतलेलं नाही. डोक्याला थंडी वाजली तरी टोपी पोस्टानं मागवते. ती पायरी तुला आठवत असेलच. मला तरी आठवते.

शनिवारी सकाळी माफी मागायला गेले. पेपरानं बाईंची अब्रू वेशीवर टांगली होती आणि त्या टांगण्याला खिळा आमचा होता. दार ढकललं, घंटा वाजली. बाई काउंटरमागे विणत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'आलीस? सहा वर्षं लागली गं पोरी. गल्ली तर सव्वापाच मीटरचीच आहे.'

मी तयार करून आणलेलं भाषण विसरले. म्हटलं, 'मिस टलक, पेपरातल्या त्या प्रकाराबद्दल खात्यातर्फे...' तर त्या म्हणाल्या, 'खात्याला काय झालंय? चांगला खप वाढलाय माझा. सकाळपासून चौघीजणी आल्या, गुत्ता बघायला म्हणून, आणि लोकर घेऊन गेल्या. बस. आणि त्या पट्टीवर पाय देऊ नकोस.'

पट्टी म्हणजे काय ते मला आधी कळलं नाही. काउंटरखाली पिंपाएवढी एक गुंडाळी होती आणि तिचं टोक वर बाईंच्या सुयांवर. तू कधी विणलं नाहीस म्हणून सांगते. विणणाऱ्या बायकांत हवामानाची शाल करायची रीत आहे. रोज एक ओळ विणायची, गारठा असेल तर निळी, ऊन असेल तर पिवळी. वर्ष संपलं की वर्षभराचं हवामान अंगावर घेऊन बसायचं. आपल्या गावात ती शाल निळीच होते, म्हणून बाईंनी वेगळा हिशोब धरला. न खपलेली राखाडी लोकर ढिगानं पडली होती. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना एक ओळ. पायरीवर काही झालं नाही तर राखाडी. अँब्युलन्स बोलवावी लागली तर लाल. अकरा वर्षं. एकही दिवस चुकला नाही. ताप असला तरी, भाऊ गेला त्या दिवशीसुद्धा. मी विचारलं, 'पण कशासाठी?' म्हणाल्या, 'ती माणसं दुसऱ्या दिवशी विसरतात. घरचे विसरल्यासारखं करतात. कुणीतरी लक्षात ठेवायला नको का?' आणि मग, बहुधा माझं तोंड बघून, 'लाल ओळीला नाव नसतं हो. घाबरू नकोस.'

मी इनिसला फोन केला. तो सुट्टीच्या दिवशी टाय लावून आला. आम्ही खुर्च्या बाहेर काढल्या आणि पट्टी जमिनीवर उलगडली, पण दुकानात मावेना, म्हणून चार घड्या पाडत उलगडली. इनिस गुडघ्यांवर बसून टाचणीच्या टोकानं ओळी मोजत होता, तोंडानं पुटपुटत, प्रार्थना केल्यासारखा. दोनशे बारा लाल ओळी. साधारण सारख्या अंतरानं, वर्षाला वीस-बावीस, सणासुदीला दाट. मग तो एका जागी थांबला. परत मागे गेला. परत मोजलं. तिथे राखाडीच राखाडी होती, लाखी. हातभर, दोन हात, संपेचना. चारशे पंचवीस ओळी, त्यात लाल फक्त दोन. इनिसनं वर बघितलं आणि अगदी हळू विचारलं, 'बाई, इथे काय झालं?' बाई म्हणाल्या, 'तिथे रॉडीचं छप्पर पडलं. विमेवाल्यांनी चौदा महिने घोळ घातला. दुकान बंद होतं.' आणि जिथे रॉडी परत उघडला, तिथून तीन बोटांवर लाल ओळी पुन्हा सुरू. सप्टेंबरात तो कायमचा बंद झाल्यापासून पुन्हा राखाडी, मध्ये एकच लाल.

'या अमुक दुकानामुळेच हे झालं, याला पुरावा काय?' आठ वर्षं मी ज्याच्यासाठी विद्यापीठांना पत्रं लिहीत होते, तो आईच्या खिडकीतून दिसणाऱ्या काउंटरखाली गुंडाळून ठेवलेला होता. इनिस तिथेच जमिनीवर बसून रडला. बाईंनी त्याला राखाडी लोकरीचा एक गुंडा दिला, नाक पुसायला.

त्यानंतरचे चार आठवडे इनिस झोपला असेल असं वाटत नाही. प्रत्येक लाल ओळीची तारीख काढून त्यानं ती अँब्युलन्सच्या नोंदींशी ताडून बघितली. दोनशे बारांपैकी दोनशे नऊ तंतोतंत जुळल्या. उरलेल्या तिन्हींत चूक अँब्युलन्सवाल्यांचीच निघाली. रॉडी बंद असताना पिणारे दुसऱ्या गल्लीत जाऊन पडले का, हेही त्यानं तपासलं. नव्हते पडले.

कालची सुनावणी. नगरपालिकेचं हीटर नेहमीप्रमाणे मार्चातच निवृत्त झालेलं, त्यामुळे सगळे लोकरीत. टलकबाई आमच्या साक्षीदार म्हणून पहिल्या रांगेत, मांडीवर गुंडाळी, हातात सुया. मी आजवरचं सगळ्यांत छोटं भाषण केलं. म्हटलं, 'नकाशा दुरुस्त करून आणलाय,' आणि गुंडाळी सोडली. ती अध्यक्षांच्या टेबलापासून निघाली, मंडळाच्या नऊ जणांसमोरून गेली, पत्रकारांच्या पायांवरून गेली, दरवाज्यातून बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन थांबली. साडेतेरा मीटर. इमरी खुर्चीतून उठले. आठ वर्षांत मी त्यांना जेवणाखेरीज कशासाठी उठताना पाहिलं नव्हतं. पट्टीच्या कडेकडेनं चालत गेले, राखाडी भागापाशी आले तेव्हा इनिसनं रॉडीच्या छपराच्या दोन तारखा सांगितल्या. इमरी तिथून परत आले ते शॉर्टब्रेडची बशी बाजूला सारूनच बसले.

पिटकेथली हुशार आहे, ते द्यायला हवं. तो उठला, आवाजात साखर घातली आणि म्हणाला, 'अध्यक्षमहाराज, मिस टलक यांच्याबद्दल आम्हा सगळ्यांना नितांत आदर आहे. पण विणकाम म्हणजे आकडेशास्त्र नव्हे. अकरा वर्षांत, या वयात, एखादा टाका सुटला नसेल, एखादी ओळ चुकली नसेल, याची खात्री कोण देणार?'

बाईंनी सुया खाली ठेवल्या. 'ग्रेगर,' त्या म्हणाल्या, 'कोटाची बटणं काढ.' तो म्हणाला, 'अं?' 'काढ रे, लाजतोस काय. आत हिरवा स्वेटर आहे ना, वेणीच्या विणीचा? तुझ्या आईनं नाताळात दिलेला? तो मी विणलाय. सोळा हजार टाके आहेत त्यात. या सगळ्यांसमोर एक सुटलेला दाखव, मी पट्टी गुंडाळून घरी जाते.'

त्यानं खरोखरच खाली बघितलं, लाखी! कोटाच्या आत, आपल्या पोटाकडे. आणि मग सभागृह जे हसलं, ते फेब्रुवारीतलं हसणं व्याजासकट परत करून गेलं. बिचारा स्वतःही हसला. बसताना एवढंच म्हणाला, 'स्वेटरबाबत हरकत नाही.' मंडळ चाळीस मिनिटं आत बसलं. बाहेर येऊन इमरींनी वाचून दाखवलं, की सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणाशी विसंगत म्हणून अर्ज नामंजूर. पोलिसांची हरकत नव्हती, गोंगाटाचा मुद्दा नव्हता. फक्त आरोग्य. या गावात हे पहिल्यांदा घडलं. इमरींनी कागद खाली ठेवला आणि कागदाबाहेरचं एक वाक्य बोलले: 'आम्ही दर वेळी पुरावा मागत होतो, पण समोरच्या पायरीवर जाऊन बघावं असं कुणाला सुचलं नाही.' 'आम्ही' म्हणाले, ते त्यांच्या मनाचं मोठेपण. मी मनात 'कुणाला'च्या जागी 'मला, इशबेलला' असं दुरुस्त करून घेतलं. (काल कंपनी अपिलात जाऊ म्हणत होती. आज सकाळी तिनं ती जागाच सोडल्याचं कळलं. रस्त्यापलीकडे विणत बसणारी बाई त्यांना परवडेना.)

संध्याकाळी शेरीऐवजी चहा घेऊन आम्ही तिघं दुकानात बसलो. इनिस गेल्यावर बाईंनी पट्टी मांडीवर घेतली आणि एका लाल ओळीवर बोट ठेवलं. मग खाली सरकून दुसऱ्या. अशा आठ. तुझ्या त्या तारखा मला पाठ आहेत. एक बाबांच्या अंत्ययात्रेच्या दुसऱ्या दिवसाची. एक सहा वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली, बर्फ पडला होता, आणि बाईंनी स्वतःचा कोट तुझ्यावर घातला होता. त्या कोटाशिवाय डॉक्टरांना काही करायला उरलं नसतं, हे मला दवाखान्यात कळलं होतं, आणि त्याच दिवसापासून मी पलीकडच्या कडेनं चालायला लागले. उपकाराची लाज वाटते अशी मी बहीण. आमच्या साहेबांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, की या गल्लीत माझ्या घरचं माणूस पडलेलं आहे. ते म्हणाले होते, 'कुणाचं नाही पडलेलं?' फक्त बाईंना सांगायचं राहिलं होतं. काल सांगितलं. त्यांनी कोट परत मागितलेला नाही, पण मला वाटतं तो अजून आईच्या कपाटात आहे.

तर आता मुद्दा. नववर्षाच्या पत्रात तू लिहिलंस, की थेंबही न घेता सव्वीस महिने झाले, ऑर्कनी बेटांवर मासेपालनाच्या कामात सगळं ठीक आहे, आईच्या दारापर्यंत तू येऊ शकशील, पण बस थांबते तिथून त्या दारापर्यंतच्या चाळीस पावलांची तुला खात्री नाही, कारण त्या कोपऱ्यावर काय येतंय ते तू ऐकलंयस. ती ओळ मी अडीच महिने पाकिटात घेऊन फिरतेय. माझ्या हरकतीच्या बावीस पानांत ती कुठेही नाही, आणि प्रत्येक पान त्याच ओळीमुळे लिहिलंय. आज सकाळी मी ती चाळीस पावलं मोजून चालले. एकेचाळीस भरली, माझी पावलं तुझ्यापेक्षा आखूड. कोपऱ्यावर रिकामी काच आहे आणि काचेत तुझं स्वतःचं तोंड दिसतं, बाकी काही नाही. बारा एप्रिलला आई ऐंशीची होते आणि चार जिने उतरू शकत नाही, तेव्हा चढावं तुलाच लागेल. पण आधी समोर जा. टलकबाई त्या पट्टीची शेवटची ओळ बंद करायला तयार नाहीत. त्यांनी पिवळ्या लोकरीचा एक गुंडा काउंटरवर काढून ठेवलाय आणि म्हणाल्यात, 'तो त्या पायरीवर बसून माझ्या हातचा चहा पिऊन स्वतःच्या पायांनी उठून जाईल, त्या दिवसाला रंग लागेल ना काहीतरी?' चार-चाळीसची बस घे. कोट मी घेऊन उभी असेन, बाईंच्या बाजूच्या कडेला.

तुझीच, आणि आता गल्लीच्या दोन्ही कडांनी चालणारी,
इशबेल